सांताक्रूझ, सहार आणि मधलं पार्लं

सहारच्या गावठाणात समोरून रिक्षा आली की पायी जाणाऱ्याला कुणाच्या तरी ओट्यावर चढून वाट द्यावी लागते. ओट्यामागे लाकडी कठड्याचं जुनं घर, चौकटीत खोचलेला झावळीचा वाळका क्रूस, गल्लीच्या वळणावर चुना फासलेला दगडी क्रूस आणि त्याच्या पायाशी मेणाचे ओघळ. संध्याकाळी तिथे एखादी बाई मेणबत्ती लावत असते. वारा असला तर ती तळहाताचा आडोसा धरते आणि तेवढ्यात मागून इंजिनाची घरघर चढत जाते. आडोसा वाऱ्यासाठी असतो, आवाजासाठी तिची मानसुद्धा वळत नाही. पुढच्या कुंपणापलीकडे देशातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक आहे, पण गावठाणाचा तोंडावळा साष्टीतल्या एखाद्या जुन्या खेड्याचाच राहिला आहे.

मुंबईकराने या विमानतळाला आजवर दोन नावं दिली आणि दोन्ही उसनी. आधी ‘सांताक्रूझ’, मग ‘सहार’. त्यात सांताक्रूझचा घोळ असा, की तिथे लोकलने जायचं तर सोयीचं स्टेशन विलेपार्ले. पाहुण्याला ‘सांताक्रूझ विमानतळ, म्हणून पार्ल्याला उतर’ असं सांगण्यात माझ्या घरच्यांची निम्मी हयात गेली. आम्ही पार्लेकर. आमच्या गावचं नाव विमानतळाला कधी मिळालं नाही, त्याबद्दल पार्ल्यात अधूनमधून हळहळ व्यक्त होते. बिस्किटाला मिळालं, ही त्यावरची फुंकर.

विमानतळाआधीचा नकाशा डोळ्यांसमोर आणायचा तर साष्टी बेटाकडे जावं लागतं. वांद्र्याच्या खाडीपासून घोडबंदरापर्यंतचं हे बेट. त्याच्या दक्षिण भागात, मिठी नदीच्या दोन्ही अंगांना भातशेती आणि शेताच्या कडेकडेने गावं: कोळे-कल्याण, बामणवाडा, सहार, चकाला, मरोळ, कोंडिविटे. कोंडिविट्याच्या टेकडीत एकोणीसेक बौद्ध लेणी आहेत, आजची महाकाली लेणी. त्यांतली जुनी इसवी सनापूर्वीची आहेत, म्हणजे माणसाचा राबता इथे दोन हजार वर्षांचा. सोळाव्या शतकात हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. १५७९ मध्ये कोंडिविट्याजवळ जेझुइटांनी सेंट जॉन द बाप्टिस्टचं चर्च उभारलं. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ती मराठ्यांकडून हिसकावली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती इंग्रजांकडे कायम झाली. राज्यकर्ते बदलले तरी कूळ तेच राहिलं. आगरी, कोळी, कुणबी, भंडारी आणि त्यांच्यातूनच ख्रिस्ती झालेली मंडळी भात लावत आणि मासे पकडत राहिली.

या ख्रिस्ती मंडळींना आज आपण ईस्ट इंडियन म्हणतो, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसांना ‘ईस्ट’ कशासाठी, असं प्रत्येक नवखा विचारतो. गोवा आणि मंगळुराकडून मुंबईत ख्रिस्ती येऊ लागले, नोकऱ्यांत चुरस वाढली. तेव्हा आपण इथलेच आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासूनचे, हे ठसवण्यासाठी इथल्या ख्रिश्चनांनी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, हे नाव घेतलं. भाषा मात्र मराठीच राहिली, तिची बोली वेगळी. नऊवारीसारखं लुगडं, लग्नाच्या आदल्या दिवशीचं उंबराचं पाणी, पावसाळा सरल्यावर नव्या भाताचा आगेरा, आणि वर्षाचा मसाला कुटून बाटल्यांत दाबून भरायची रीत. विमानतळाच्या गोष्टीत हे सगळं कशाला, असं कुणी विचारेल. धावपट्टी ज्या जमिनीवर आहे त्या भागात ही शेतं होती, हे त्याचं उत्तर.

१५७९ च्या त्या चर्चचं पुढे वाईट झालं. १८४० च्या सुमारास गावात साथ आली, वस्ती उठली, चर्च ओस पडलं आणि लोक मूर्ती-घंटा घेऊन मरोळला गेले. १९७३ मध्ये त्याच जागेभोवती सीप्झ, म्हणजे निर्यातीसाठीची औद्योगिक वसाहत, उभी राहिली. आता ते छप्पर उडालेलं चर्च दागिने आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांच्या आवारात उभं आहे. एरवी ते फाटकाआड असतं. वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथे मिस्सा होते आणि आसपासच्या गावांतले लोक आपल्याच पूर्वजांच्या देवळात परवानगीने जातात.

पार्ल्याची कहाणी थोडी निराळी. इर्ले आणि पाडळे अशी दोन खेडी, त्यांचं मिळून विलेपार्ले. रेल्वे १८६० च्या दशकात वांद्रे-अंधेरीवरून गेली, पण पार्ल्याला स्टेशन यायला विसावं शतक उजाडलं. १८९६ च्या प्लेगने गिरगाव-दादरच्या पांढरपेशांना मोकळ्या हवेची ओढ लावली होतीच. १९२० साली साष्टी ठाणे जिल्ह्यातून निघून मुंबई उपनगर जिल्हा झाला आणि त्यानंतरच्या तीन वर्षांत पार्ल्याच्या मराठी वस्तीने स्वतःचा सांगाडा उभा केला: १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय, १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. टिळकांना जाऊन वर्ष होतं न होतं तोच शाळा सुरू झाली, यावरून त्या वस्तीच्या स्वभावाची कल्पना यावी. पु. ल. देशपांडे याच शाळेचे. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाची छावणी पार्ल्यात पडली. जमनालाल बजाज, किशोरलाल मशरूवाला तिथे होते आणि जुहूच्या किनाऱ्यावर मीठ उचललं जात होतं. १९२९ मध्ये रुळांच्या पूर्वेला चौहान कुटुंबाने गोळ्या-चॉकलेटांचा कारखाना काढला आणि दहा वर्षांनी त्यात बिस्किटं भाजायला लागली. २०१६ मध्ये कारखाना बंद होईपर्यंत लोकलमधल्या आंधळ्या माणसालाही पार्लं आलेलं कळायचं. दारातून भाजक्या गव्हाचा गोड वास आत यायचा आणि उतरणारे उठायचे.

या सगळ्या काळात विमानं होती ती पश्चिमेला, जुहूला. १९२८ मध्ये तिथे उड्डाणाचं मैदान झालं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या पिशव्या घेऊन उतरले ते जुहूला. पण ते मैदान समुद्राच्या इतकं जवळ आणि इतकं सखल, की पावसाळ्यात चिखलच चिखल. त्यामुळे टाटांचं बिऱ्हाड दर पावसाळ्यात पुण्याला हलायचं. मुंबईला पक्कं विमानतळ हवं होतं आणि ते उंचावर, रेल्वेच्या पूर्वेला हवं होतं.

इथे एक छोटी आगगाडी मध्ये येते, आणि मला या सगळ्या इतिहासात तिचंच सर्वांत जास्त कुतूहल आहे. १९२८ साली ट्रॉम्बेहून कुर्ल्यामार्गे अंधेरीपर्यंत सुमारे १३ किलोमीटरची एक रेल्वे सुरू झाली, साष्टी-ट्रॉम्बे रेल्वे. पश्चिम आणि मध्य मार्ग जोडणारी आडवी गाडी! आज अंधेरीहून कुर्ल्याला जाताना मरोळ नाक्यावर तासभर अडकलेल्या माणसाला ही गोष्ट सांगावी आणि त्याचा चेहरा पाहावा. गाडी सहा वर्षं धावली आणि १९३४ मध्ये बंद झाली. तिची अंधेरीकडची जमीन पुढे विमानतळात गेली. अशी आडवी जोड मुंबईला पुन्हा मिळाली ती २०१४ मध्ये, वर्सोवा-घाटकोपर मेट्रोने. मधे ऐंशी वर्षं गेली.

दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सने सांताक्रूझचं मैदान वाढवलं. दीडेक हजार एकरांवर धावपट्ट्या, हँगर, बरॅकी उभ्या राहिल्या. युद्धकाळातला सरकारी कामाचा झपाटा असा, की शेतकऱ्याच्या हातात कागद पडेपर्यंत शेतावर रोलर फिरलेला असावा. कोळे-कल्याणची भातजमीन यातच गेली. त्या गावाचं नाव आज महसुली कागदांत सापडतं, बोलण्यात उरलं ते ‘कलिना’.

१९४६ पासून लष्कराने मैदान नागरी विमानांसाठी मोकळं करायला घेतलं. टर्मिनल कुठलं? दोन रिकामी हँगरं झाडून घेतली. एकात देशातले प्रवासी, दुसऱ्यात परदेशचे. सुरुवातीला दिवसाला सहा विमानं येत, तीन वर्षांत ती चाळिसावर गेली. कराची पाकिस्तानात गेली होती आणि तिची वाहतूक मुंबईकडे वळली होती. ८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं, पस्तीस उतारू घेऊन. एअर इंडियाचं युरोपला जाणारं पहिलं विमान. १९५८ मध्ये नवी इमारत तयार झाली, आजच्या टर्मिनल एकच्या जागी. कलिन्यात एअर इंडियाची वसाहत झाली, आणि पार्ल्या-सांताक्रूझच्या चाळींतून गणवेश घातलेले मेकॅनिक, लोडर, हवाईसुंदऱ्या कामावर जायला लागल्या. आमच्या आळीत एखाद्याकडे विमान कंपनीचे काटे-चमचे निघाले, तर ते कसे आले हे कुणी विचारत नसे.

त्या दिवसांत विमान पाहायला जाणं ही सहल असायची. पाहुणे गॅलरीच्या कठड्याला रेलून उभे, हातात भुईमुगाच्या शेंगांची पुडी, आणि विमान सुटलं की पोरं हात हलवणार. आत बसलेल्याला ते दिसत नाहीत, हे कुणाच्या मनात यायचं नाही.

जुहू आणि सांताक्रूझ इतके शेजारी, की वैमानिकही फसायचे. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं आणि पट्टी संपली तरी थांबलं नाही. सुदैवाने कुणी दगावलं नाही. सगळे अपघात असे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. ऑक्टोबर १९७६ मध्ये मद्रासला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं कॅरावेल इंजिनाला आग लागून विमानतळाच्या कडेलाच कोसळलं आणि ९५ जण गेले. १ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ वांद्र्यासमोरच्या समुद्रात बुडालं, त्यात २१३ जण. त्यानंतर कितीतरी दिवस पार्ल्याच्या गच्चीवर कुणी विमानाकडे बोट दाखवलं नाही, असं आई सांगते.

जम्बो जेट आले तशी सांताक्रूझची इमारत कमी पडायला लागली. १९७९ मध्ये तिथे आगही लागली. ईशान्येला, दीड-दोन किलोमीटरवर, सहार गावाच्या अंगाला नवं टर्मिनल घेतलं गेलं आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून परदेशचं विमान म्हणजे सहार, देशातलं म्हणजे सांताक्रूझ, अशी वाटणी झाली. ‘सहार’ हा शब्द तेव्हा कोकणात, केरळात, उत्तर प्रदेशात पोहोचला. रत्नागिरीकडच्या एखाद्या मुस्लिम वाडीतल्या म्हातारीने मुंबईतली दुसरी कुठली जागा पाहिली नसेल, पण मुलाला गल्फला सोडायला ती सहारला आलेली असे. रात्री दोनला टेम्पो भरून माणसं यायची. एक जाणारा, पंधरा सोडणारे. दोरीने आवळलेली बोचकी, त्यात लोणचं, सुकट, कुळथाचं पीठ, आणि काचेच्या दारापाशी शेवटची मिठी. दोन वर्षांनी तोच मुलगा टू-इन-वन आणि ब्लँकेट घेऊन त्याच दारातून बाहेर येणार.

टर्मिनल आलं तशी त्याच्या भोवती दोन प्रकारची वस्ती वाढली. पंचतारांकित हॉटेलं रस्त्याकडेला, आणि त्यांच्या भिंतींच्या मागे झोपड्या. १९९१ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी तमिळनाडूतून मजूर आणले गेले. काम संपलं, पण ते परत गेले नाहीत. विमानतळाच्या दलदलीच्या कोपऱ्यात भराव घालून त्यांनी वस्ती केली, तीच अण्णावाडी. कॅथरिन बू या अमेरिकन पत्रकार बाईंनी तिथे काही वर्षं जाऊन-येऊन लिहिलेलं पुस्तक २०१२ मध्ये आलं आणि जगभर वाचलं गेलं. विमानतळाच्या जमिनीवर मिळून ऐंशी हजारांच्या आसपास कुटुंबं आहेत, त्यांच्या पुनर्वसनाच्या योजना किती आल्या आणि गेल्या हे लिहायला घेतलं तर वेगळा लेख होईल. मला खटकतं ते एवढंच, की गावठाणातला मूळ माणूस आणि झोपडीतला मजूर दोघांनाही विमानतळ एकाच कुंपणाबाहेर ठेवतं, आणि ते दोघं मात्र एकमेकांकडे संशयाने पाहतात.

आता थोडा भूगोल. इथे दोन धावपट्ट्या आहेत, आणि त्या एकमेकींना छेदतात. मोठी पूर्व-पश्चिम, जवळपास साडेतीन किलोमीटर. धाकटी वायव्येकडून आग्नेयेला, तीन किलोमीटरला थोडी कमी. पट्टीच्या टोकाला रंगवलेला आकडा म्हणजे होकायंत्राचे अंश, शेवटचं शून्य गाळून: पश्चिमेकडे तोंड असेल तर २७, पूर्वेकडे असेल तर ०९. समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून येतो आणि विमानाला वारा तोंडावर हवा, म्हणून वर्षाचा बराच काळ विमानं घाटकोपरच्या असल्फ्याच्या टेकडीवरून, कुर्ल्याच्या जरीमरीवरून खाली येतात आणि सांताक्रूझ-जुहूवरून समुद्राकडे उडतात. पट्ट्या छेदत असल्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं घेता येत नाहीत. व्यवहारात हे एका धावपट्टीचं विमानतळ. तरी २०१८ मध्ये इथे एका दिवसात हजारावर विमानांची ये-जा झाली. दर सव्वा-दीड मिनिटाला एक!

आणि या सगळ्याखालून नदी जाते. विहार-पवईच्या तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन मिठी सीप्झ, मरोळमार्गे विमानतळाच्या हद्दीत शिरते, तिथे तिला जवळजवळ काटकोनात वळवलेलं आहे, धावपट्टीखालच्या मोऱ्यांतून ती कुर्ल्याकडे निघते आणि पुढे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या कडेने माहीमच्या खाडीला मिळते. अठरा किलोमीटरची नदी, पण तिला नदी म्हणण्याची सवय मुंबईला लागली ती २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्यात त्याच वेळी ७३. ही वेधशाळाही विमानतळामुळेच इथे आहे, नाहीतर त्या दिवशीचा खरा आकडा कुणाला कळलाच नसता. नदीने आपली जुनी जागा मागून घेतली. धावपट्ट्या पाण्याखाली, विमानतळ तीस तासांहून अधिक बंद. कलिन्यात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. आम्ही पार्ल्यात हायवेवरून चालत येणाऱ्या माणसांना रात्रभर चहा दिला. त्यांतल्या एकाने टर्मिनलमधून ढकलगाडी आणली होती, तिच्यावर त्याची म्हातारी आई बसलेली.

पार्ल्याला विमानतळाचा खरा जाच आवाजाचा नाही, उंचीचा आहे. आवाज अंगवळणी पडतो. शाळेत आमच्या बाई शुद्धलेखन घालताना विमान आलं की वाक्य अर्ध्यावर सोडून खिडकीबाहेर पाहत आणि ते गेल्यावर नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू करत. पण उंचीचं काय? विमान उतरायच्या नि चढायच्या वाटेला इथे ‘फनेल’ म्हणतात, म्हणजे नरसाळं. त्या नरसाळ्याखाली किती उंच बांधायचं हे विमानतळाच्या नकाशावरचे रंग ठरवतात. मोजमाप जमिनीपासून नव्हे, समुद्रसपाटीपासून. विमानतळ स्वतःच समुद्रापासून बाराएक मीटर उंच, म्हणजे तेवढी उंची आधीच खर्ची पडलेली, आणि तुमचं घर चढावर असेल तर आणखी एक मजला गेला. मुंबईत जुनी इमारत पाडून नवी उभी राहते ती वरच्या जादा मजल्यांच्या विक्रीवर. मजलेच चढवता येत नसतील तर बिल्डर कशाला येईल? म्हणून पार्ल्या-सांताक्रूझ-कुर्ल्यात साठ वर्षांच्या तीन मजली इमारती टेकू लावून उभ्या आहेत आणि सोसायटीच्या सभांत वयस्कर माणसं ‘टीडीआर’ आणि ‘एनओसी’ ही अक्षरं विष्णुसहस्रनामासारखी म्हणतात. याच कारणाने पार्ल्यात अजून थोडं आकाश आणि सोनचाफ्याची झाडं शिल्लक आहेत, हे मी सभेत बोललो तर मला बाहेर काढतील.

१९९९ मध्ये विमानतळाला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. २००६ मध्ये कारभार खासगी कंपनीकडे गेला, २०१४ मध्ये सहारच्या जागी मोरपिसाच्या नक्षीचं भव्य छत असलेली नवी इमारत उघडली आणि तिला हायवेवरून थेट उन्नत रस्ता आला. तेव्हापासून कुणी सहारला जात नाही, सगळे ‘टी टू’ला जातात. प्रवासी गावावरून जातो आणि त्याला गाव लागत नाही. रिक्षावालेही सहार म्हटलं तर विचारतात, कार्गो की गाव?

ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल अशी भुयारी मेट्रो सुरू झाली. सीप्झ, मरोळ नाका, टी टू, मग सहार रोड, मग टी वन, सांताक्रूझ. म्हणजे जमिनीवरून पुसलेली नावं खाली, बोगद्यात, पुन्हा ओळीने मांडली आहेत. पार्लं त्यातही नाही. गेल्या महिन्यात सहार रोडला उतरलो. सरकत्या जिन्यावर माझ्या पुढे लुगड्यातली एक म्हातारी होती, एका हातात मासळीची पिशवी, दुसऱ्या हाताने कठडा गच्च धरलेला. वर आल्यावर तिने क्षणभर दोन्ही बाजूंना पाहिलं, कुठल्या दाराने बाहेर पडायचं ते तिला उमगेना. मग इंजिनाचा आवाज आला. तिने कानोसा घेतला आणि आवाजाच्या दिशेने गावाकडे चालायला लागली.